सात नंबरचं जाळं

जाळं उचलताक्षणीच ग्लेनिस ब्रॅमॉलला कळलं, काहीतरी बिनसलंय.

साठ पौंड मासे भरलेलं जाळं दोघांनी मिळून ओढावं लागतं. कमरेतून कळ जाते, गुडघे बोलायला लागतात. हे मात्र दोरीवरची वाळलेली चादर ओढावी तसं सरसर वर आलं.

"काय गं, थांबलीस का?" मागून नॉरिस होलरॉइडने विचारलं. तो क्लबचा अध्यक्ष. वजनकाट्याची तिकाटणी खांद्यावर घेऊन उभा होता.

"रिकामं आहे," ग्लेनिस म्हणाली.

"रिकामं? विल्फचं?"

तिने जाळं गवतावर पसरलं. दीड पुरुष लांब, पायमोज्यासारखं, काळ्या बारीक विणीचं. तळाशी, शेवटच्या कड्याजवळ, हात आरपार जाईल एवढी फट होती.

नॉरिसने तिकाटणी खाली टाकली. "कापलंय! कुणीतरी कापलंय!"

विल्फ अटली आपल्या पेटीवरून उठला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, अजून ताठ. तो आला, गुडघ्यांवर बसला. वाकून बघितलं नाही त्याने; बोटांनीच फट चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग हात मागे घेतला.

"कोण करेल असं?" तो हळूच म्हणाला.

शेजारच्या सहा नंबरच्या जागेवर शेन लॉकवुड आपल्या काठ्या आवरत होता. त्याने मान वर केली नाही. बाकी सगळ्यांच्या माना मात्र त्याच्याकडेच वळल्या.

ग्लेनिसने हात पुसायला कमरेचं फडकं ओढलं, तळहातांकडे बघितलं आणि फडकं होतं तसं परत खोचलं.

वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा होती ती. हॅग लेनचं तळं म्हणजे बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीच्या उशाला खोदलेला मोठा खड्डा. त्यात कार्प मासे वाढवलेले. सकाळी थैलीतून नंबर काढायचा, येईल त्या जागेवर पेटी टाकून बसायचं आणि दिवसभर गळ टाकायचा. मिळालेला मासा मारायचा नाही. पाण्यात सोडलेल्या जाळ्यात जिवंत ठेवायचा. शिट्टी झाली की वजन करायचं आणि मासे पुन्हा तळ्यात सोडायचे. ज्याचं वजन जास्त त्याला चषक. विल्फच्या घरी असे नऊ चषक होते. आज दहावा जाणार, असं दुपारपासून सगळं तळं म्हणत होतं.

वजनाचं काम पूर्वी ग्लेनिसचा नवरा केन करायचा. तो गेला, आणि पुढे कुणी हात वर केला नाही म्हणून काटा तिच्या गळ्यात पडला. त्याआधी तिची सगळी नोकरी पोलिसात गेली होती. निवृत्त झाल्यावर तिला एकच गोष्ट करायची होती: कुणाला काहीही विचारायचं नाही.

सकाळी विल्फने थैलीत हात घालून चकती काढली होती आणि न बघताच तिच्यापुढे धरली होती.

"वाच गं पोरी. चष्मा गाडीत राहिला."

"सात."

"सात चांगला," म्हणाला आणि गेला.

आता दिवस कलला होता. आभाळ राखाडी, पण दिवसभरात थेंब पडला नव्हता. सगळे चहाच्या केबिनमध्ये कोंडून बसले होते. बेकनचा वास, ओल्या बुटांचा वास. शेन दारापाशी उभा होता. त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती, त्यानेही मागितली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी याच तळ्यावर शेनला पकडलं होतं. आदल्या दिवशी धरलेले मासे त्याने जाळीत भरून पाणवेतात बुडवून ठेवले होते आणि स्पर्धेत आपल्या जाळ्यात टाकले होते. दोन वर्षांची बंदी झाली. या वसंतात तो परत आला. त्याच्याशेजारी नंबर आला की लोक अजून चकतीकडे बघून तोंड वाकडं करत.

"ज्यांना वाटतं याला कायमचं काढावं, त्यांनी हात वर करा," नॉरिस म्हणाला.

"थांब, नॉरिस," ग्लेनिस म्हणाली.

"कशाला थांबायचं? मागच्या वेळीसुद्धा यानेच..."

"मागच्या वेळी मासे सापडले होते. या वेळी कुठे आहेत?"

"तळ्यात! जाळं कापल्यावर मासे कुठे जाणार, चर्चला?"

लोक हसले. विल्फ कोपऱ्यात बसून चहा पीत होता. तो हसला नाही, बोललाही नाही.

"लोकांचा चहा होईपर्यंत मला वेळ दे," ग्लेनिस म्हणाली.

"तू आता पोलिसात नाहीस, ग्लेनिस."

"नाही. म्हणून तर विचारतेय. असते तर सांगितलं असतं."

खरं तर तिला घरी जायचं होतं. पाय गरम पाण्यात घालून बसायचं होतं. एका माणसाकडे बोट करणाऱ्या अशा खोल्या तिने आयुष्यभर बघितल्या होत्या. कधी ते बोट चुकीचं निघायचं, कधी बरोबर. दोन्हींत थकवा सारखाच यायचा. पण तिच्या हातांना काहीतरी खटकलं होतं, आणि ते तसंच घरी नेलं तर झोप लागणार नव्हती.

तिने आधी बॅरी टिंकरला बाहेर बोलावलं. बॅरी निवृत्त बस ड्रायव्हर. त्याची जागा विल्फच्या बरोबर समोर, पलीकडच्या काठावर होती. हातातलं सँडविच तसंच घेऊन तो पायरीवर आला.

"काय पाहिलंस?"

"हिरवा कोट. विल्फच्या जाळ्यापाशी वाकलेला."

"कुणाचा?"

"अगं, इथे हिरव्याशिवाय कोट आहे कुणाचा? तुझासुद्धा हिरवाच."

"चेहरा?"

"टोपी दिसली. टोपीखाली चेहरा असणार."

"विल्फ कुठे होता तेव्हा?"

"गाडीकडे गेलेला. चष्मा आणायला. मला ओरडून सांगून गेला."

"आणला का?"

"काय?"

"चष्मा."

बॅरी चावता चावता थांबला. "ते काही बघितलं नाही बाई मी."

"बरं. त्याला मासे मिळताना बघितलेस?"

"मध्ये वेताचं बेट आहे ना. त्याच्या काठीचं टोक दिसतं आणि इकडे जाळ्याची बाजू. तो बसतो ते नाही दिसत. पण तो सांगत होता की! 'बॅरी, चौथा!' 'बॅरी, हा बघ, हा मोठा!' दिवसभर. शेवटी मी वैतागून मोजायचं सोडलं."

"विल्फ ओरडून सांगत होता?"

"म्हातारपणी वाचा फुटलीये त्याला."

ग्लेनिसने तळ्याकडे पाहिलं. केन एकदा म्हणाला होता, विल्फच्या मांडीला मांडी लावून दिवसभर बसलं तरी संध्याकाळी कळायचं नाही की याच्याकडे एक मासा आहे की शंभर.

नंतर नॉरिस. विल्फच्या दुसऱ्या बाजूची, आठ नंबरची जागा त्याची होती. बोलवायच्या आधीच तो बाहेर आला होता.

"मलासुद्धा विचारणार?"

"जागेवरून उठलास का मधे?"

"लघवीला. एकदाच."

"कुठल्या बाजूने गेलास?"

नॉरिसने टोपी सारखी केली. "विल्फच्या मागून."

"विल्फ होता जागेवर?"

"नव्हता. लक्ष दिलं नाही मी."

"सुरी दाखव."

त्याने खिशातून रुंद पात्याची सुरी काढली. डब्यातलं मांस आमिषासाठी चिरायची ती. पात्याला गुलाबी चरबी तशीच चिकटली होती. ग्लेनिसने ती परत दिली.

"विल्फ बाद झाल्यावर चषक कुणाला?"

नॉरिसचे कान लाल झाले. "मला. पण असा नको होता."

"मग कसा?"

"त्याला हरवून." तो तळ्याकडे बघत म्हणाला, "माणूस समोर बसलाय, त्याचं जाळं भरलेलं, माझं त्याहून भरलेलं. एकदा तरी, ग्लेनिस. एकदा मागितलं तर जास्त आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "आत जा. आणि हात वर करायला लावू नकोस कुणाला."

शेन स्वतःहून आला नाही. तिलाच दारापर्यंत जावं लागलं. दोघं गाड्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"विल्फच्या जाळ्याला हात लावलास?"

"तुम्ही लोकांनी ठरवलंय ना?"

"मी नाही ठरवलं."

"मग ठरवा आणि घरी जा. दमलेल्या दिसताय."

"दमलेय. म्हणून एकदाच विचारते. लावलास?"

त्याने हात खिशात घातले. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. पण शाळेत बाकावर उभं केल्यासारखा उभा होता.

"कातर दाखव तुझी."

गळाची दोरी कापायची बोटभर कातर त्याच्या कोटाला बांधलेली होती. त्याने ती सोडून दिली. ग्लेनिसने पाती उघडली, उजेडात धरली. बिजागरीपाशी काळ्या दोऱ्याचा बारीक तंतू अडकला होता. गळाची दोरी पारदर्शक असते. तिने कातर मिटून त्याच्या हातात ठेवली.

"विल्फशी वाकडं होतं काही?"

"नाही."

"दोन वर्षांपूर्वी तुझ्याविरुद्ध बोलला होता तो."

"सगळेच बोलले होते. खरंच होतं ते." शेनने बुटाच्या टोकाने खडी उकरली. "परत आलो त्या दिवशी हा एकटा माणूस म्हणाला, 'थंडी आहे नाही आज?' बाकी कुणी हवेबद्दलसुद्धा बोललं नाही माझ्याशी."

"इथेच थांब," ती म्हणाली.

ग्लेनिस एकटी तळ्याकाठच्या वाटेने सात नंबरच्या जागेवर गेली. विल्फचं सामान अजून तसंच होतं. ती त्याच्याच पेटीवर बसली, कारण गुडघ्यांना आता उभं राहायचं नव्हतं.

जाळं मांडीवर घेऊन तिने फट पुन्हा नीट पाहिली. विणीचा एकही फासा तुटलेला नव्हता. फक्त शिवण उसवली होती, टाक्यामागून टाका, लहान पात्याने, घाई न करता. घरी सुई-दोरा घेऊन बसलं तर तासाभरात पूर्ववत होईल अशी. मघाशी जाळं पाण्यातून काढलं तेव्हा ते सरळ होतं, कडी पिळलेली नव्हती, काठावरची खुंटी घट्ट ठोकलेली होती. ज्याने उसवलं, त्याने ते परत नीट पाण्यात सोडलं होतं.

मग तिने जाळं नाकाशी नेलं. तळ्याच्या पाण्याचा वास आला. दुसरा कसलाच नाही.

विल्फची हातजाळी गवतात पडली होती. गळाला लागलेला मासा ज्या जाळीत अलगद उचलून घेतात, ती. तिच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या, आणि आत एक कोरडं पान होतं. चार पावलांवर शेनची हातजाळी: निथळणारी, बुळबुळीत, कडेला दोन-तीन खवले चिकटलेले.

शेवटी तिने विल्फची काठी उचलली. दोरीला तरंगणारी रंगीत काडी लावलेली असते. मासा आमिष ओढतो तेव्हा ती बुडते आणि माणूस हिसका मारतो. कार्पसाठी ही काडी आगपेटीतल्या काडीएवढी बारीक लावतात. विल्फने लावलेली अंगठ्याएवढी जाड होती, आणि तिच्यावर नारिंगी रंगाचे थरावर थर चढवले होते.

ग्लेनिसने काठी होती तिथे ठेवली. मग उठून केबिनपाशी गेली आणि दारातून म्हणाली, "विल्फ, जरा ये." मग गाड्यांकडे वळून, "शेन, तूही."

"आणि मी?" नॉरिस उठला. "मी अध्यक्ष आहे."

"तू इथे अध्यक्ष राहा."

तिघं सात नंबरवर आले. विल्फ वाटेच्या कडेकडेने, वेताला हात लावत चालला होता. ग्लेनिसने त्याला पेटीवर बसवलं.

"जाळं शेनने उसवलं," ती म्हणाली.

"हो," शेन लगेच म्हणाला. "मीच. खुन्नस होती. लिहून घ्या आणि संपवा."

"खुन्नस असलेला माणूस जाळं फाडतो, शेन. तू शिवण सोडवलीस. माणसाचं महागाचं जाळं खराब होऊ नये म्हणून एकेक टाका कापलास. तुझ्या कातरीत तो दोरा अजून आहे. नॉरिसच्या सुरीने हे जमलं नसतं. शिवाय पात्यावरची चरबी जाळ्याला लागली असती. आणि काम झाल्यावर तू ते सरळ करून परत पाण्यात सोडलंस. चोर इतका आवरत बसत नाही."

"मग झालं तर. मी केलं, असंच म्हणताय ना?"

"तू उसवलंस. पण चोरलं काय?" तिने दोन्ही तळहात त्यांच्यापुढे धरले. "आज या हातांनी मी सगळ्यांची जाळी ओढली. बाह्या बघ माझ्या. कापडावरून कार्पचा चिकटा धुतला तरी जात नाही; हात मी दर जाळ्यानंतर पुसत होते. फक्त विल्फचं जाळं ओढल्यावर पुसायला हाताला काही लागलंच नाही. दिवसभर साठ पौंड मासे ज्यात वळवळले, त्याला चिकटा नाही, खवला नाही, वास नाही. ती हातजाळी पडलीये, तिची घडीसुद्धा मोडलेली नाही. पाऊस नव्हता आज. हातजाळी ओली व्हायला एकच कारण लागतं, आणि ते दिवसभरात घडलं नाही."

विल्फ पाण्याकडे तोंड करून बसला होता.

"या जाळ्यात मासे नव्हतेच," ग्लेनिस म्हणाली. "एकही नाही. विल्फ, तू सकाळी चकती मला वाचायला लावलीस. चष्मा आणायला म्हणून गाडीकडे गेलास आणि तसाच परत आलास, कारण चष्म्याने काही होत नाही. फट डोळ्यांनी बघितली नाहीस, बोटांनी बघितलीस. अंगठ्याएवढी काडी लावलीस, तीही दिसली नाही. आणि जन्मात कुणाला आकडा न सांगणारा माणूस दिवसभर बॅरीला ओरडून आकडे सांगत होता. किती दिसतं तुला?"

तळ्याच्या मधोमध एक कार्प उसळला. विल्फने आवाजाच्या दिशेने मान वळवली, पण जरा उशिरा आणि जरा चुकीच्या बाजूला.

"कडेकडेचं दिसतं," तो म्हणाला. "मधलं गेलं. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसून जातं. डॉक्टर म्हणतो, परत येणार नाही." मग त्याने शेनच्या दिशेने विचारलं, "तुला कधी कळलं?"

शेनने ग्लेनिसकडे पाहिलं. तिने मान हलवली: सांग.

"सकाळीच. तुमची काडी बुडाली, तुम्ही बसून राहिलात. काडी नुसती उभी होती तेव्हा हिसका मारलात. मग बॅरीला म्हणालात, चौथा. मला वाटलं गंमत करताय. पाचवा म्हणालात, सहावा म्हणालात. तेव्हा लक्षात आलं."

"त्याने विचारलं, किती झाले. तोंडातून निघून गेलं, चार," विल्फ म्हणाला. "एकदा चार म्हटल्यावर पुढे तीन कसे म्हणणार? वाटलं होतं, शेवटी सांगू काहीतरी: कडं सुटलं, जाळं कलंडलं. तेवढ्यात ही आली आणि फट निघाली. मला वाटलं, देवच पावला."

"तू का केलंस हे?" ग्लेनिसने शेनला विचारलं.

"शिट्टी व्हायची होती. सगळे काटा घेऊन येणार, भोवती गोळा होणार, जाळं वर येणार." त्याने जाळ्याकडे बोट केलं. "सगळे तुमच्या जाळ्याकडे बघताहेत आणि तुम्ही मधे उभे आहात, ते कसं असतं मला माहितीये. माझं नाव तसंही गेलेलं आहे. आणखी थोडं गेलं तर काय होतं?"

"तुझी ही एकच जागा आहे ना, रविवारी जायची?"

शेनने मुठीतली कातर परत कोटाला बांधली.

ग्लेनिस विल्फकडे वळली. तिला ओरडायचं होतं, पण तेवढा जीव उरला नव्हता, म्हणून ती साध्या आवाजात बोलली. "यात चोरी कुणी केली असेल तर ती तू केलीस, विल्फ. माशांची नाही. आत त्या पोराला कायमचं काढायला निघाले होते. तुला ठाऊक होतं की चोरायला काही नव्हतंच. आणि तू चहा पीत होतास."

म्हाताऱ्याने पेटीची कड धरली.

"त्यांना कळलं असतं तर ते चांगले वागले असते माझ्याशी," तो म्हणाला. "हे कळतंय का तुला? गाडीजवळची सपाट जागा दिली असती. सामान उचललं असतं. 'शाब्बास विल्फ' म्हणाले असते, एका माशाला. मी नऊ वेळा जिंकलोय इथे."

"कळतंय."

"तू सांगणार आत?"

"नको," शेन म्हणाला. "बाई, खरंच नको. काय मिळणार आहे?"

"मी नाही सांगणार," ग्लेनिस म्हणाली. "मी आज आणखी काहीच बोलणार नाहीये. विल्फ, एकच सांग. सकाळी इथवर आलास कसा?"

"सावकाश," विल्फ म्हणाला.

तिने हात पुढे केला. "चाव्या."

"ग्लेनिस..."

"त्या रस्त्यावर शाळा आहे. चाव्या दे, विल्फ."

मासे नव्हते हे कबूल करताना त्याचा चेहरा एवढा पडला नव्हता. त्याने एक खिसा चाचपला, मग दुसरा, जरूर नसताना तिसराही. शेवटी चाव्या तिच्या तळहातावर ठेवल्या आणि बोटं लगेच सोडली नाहीत. तिने ओढल्या नाहीत. थांबली. मग त्यानेच सोडल्या.

केबिनमध्ये तो स्वतःच्या पायांनी गेला, दाराची चौकट हाताने धरून. आत गलका चालू होता. त्याला बघून थांबला.

"माझ्या जाळ्यात एकही मासा नव्हता," विल्फ म्हणाला. "दिवसभरात एकही नाही. बॅरी, तुला खोटं सांगितलं. माझे डोळे गेलेत. या पोराने जाळं उसवलं ते माझी लाज झाकायला, आणि तुम्ही त्याला शिव्या घालत होतात तेव्हा मी गप्प बसलो. हात वर करायचे असतील तर माझ्यासाठी करा."

चहाची किटली शिट्टी वाजवत होती. ती बंद करायचं कुणाला सुचलं नाही. एकही हात वर गेला नाही. नॉरिस खोकला. टेबलावरचा चषक त्याच्या समोरच होता. त्याने तो जरा बाजूला सरकवला, जणू ताट नकोसं झालं.

"नियम तर आहे," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावला तर एक रविवार बंद. कारण काहीही असो."

"मान्य," शेन म्हणाला.

"एकच रविवार," नॉरिस म्हणाला. मग उठला, स्वतःची खुर्ची उचलून दारापर्यंत नेली आणि शेनच्या मागे ठेवली. "बस. मघापासून उभा आहेस." चषक त्याने भाजीच्या पिशवीत घातला, सँडविचच्या कागदांसकट, आणि कुणी अभिनंदन करायच्या आत निघून गेला.

विल्फची गाडी शेनने चालवली. शेनला परत आणायला कुणीतरी हवं, म्हणून ग्लेनिस आपल्या गाडीतून मागोमाग गेली. विल्फचं घर खाणकामगारांच्या जुन्या रांगेतलं, टोकाचं. शेनने काठ्या, पेटी, आमिषाचे डबे एकेक करून आत नेले. विल्फने दोनदा सांगितलं, मला उचलता येतं. मग दारात उभा राहून त्याला वाट करून दिली.

ग्लेनिस गाडीला टेकून उभी होती. पावलं इतकी दुखत होती की बूट काढून अनवाणी उभं राहावंसं वाटत होतं.

"पुढच्या रविवारी तुला बंदी," विल्फ शेनला म्हणाला.

"हो."

"म्हणजे रिकामाच."

"दिसतंय तसं."

"मागे कालवा आहे. स्पर्धा नाही, काटा नाही, कुणी माणूस नाही." विल्फने घसा साफ केला. "तू शेजारी बसायचं आणि काडी बुडाली की सांगायचं. एवढंच. दुसरं काही उचलायचं नाही, धरायचं नाही."

शेनने हात झटकले. "मी सांगितलं की लगेच हिसका मारायचा. वाद घालायचा नाही."

"आजवर मी कुणाचं ऐकलेलं नाही."

"मग मासे पण मिळणार नाहीत."

म्हातारा हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच. "सँडविच माझ्याकडून," तो म्हणाला, "आणि शाब्बास म्हणालास तर कालव्यात ढकलीन."

"दिसलो तर ढकला," शेन म्हणाला.

ग्लेनिसने गाडीचं दार उघडलं. "पोरा, चल आता," ती म्हणाली, "नाहीतर मी इथेच झोपेन." आणि तो येऊन बसेपर्यंत तिने डोळे मिटून घेतले.